कापडकटाईची पट्टी

कापडकटाईची पट्टी हे कापडावर सरळ रेषा आखण्यासाठी आणि त्या रेषेवर कापड कापताना पात्याला आधार देण्यासाठी वापरले जाणारे साधन आहे. शिवणकाम, पोशाखनिर्मिती आणि गोधडीकाम या तिन्ही क्षेत्रांत तिचा वापर होतो. ठिगळे जोडून केलेल्या गोधडीत (क्विल्टमध्ये) शेकडो तुकडे एकमेकांना जोडायचे असल्यामुळे तेथे पट्टीच्या अचूकतेला विशेष महत्त्व असते. कापड मऊ, सरकणारे आणि ताणले जाणारे असते, तर पट्टी कडक आणि गुळगुळीत असते. त्यामुळे कापताना पट्टी जागेवरून सरकणे ही या कामातील नेहमीची अडचण आहे. पट्टी सरकल्यास तुकडा वाकडा कापला जातो आणि धारदार पाते वापरत असल्यास बोटांना इजा होऊ शकते. पट्टी स्थिर ठेवण्याचे तंत्र म्हणूनच कटाईच्या प्राथमिक शिक्षणाचा भाग मानले जाते.

## संज्ञा आणि मोजमापे

भारतात १९५६ च्या वजने व मापे मानके अधिनियमानंतर मेट्रिक पद्धत स्वीकारली गेली. कापडाची विक्री मीटरवर होऊ लागली, तरी शिवणकामात इंच टिकून राहिला. शिंप्याच्या मोजफितीवर एका बाजूला ६० इंच आणि दुसऱ्या बाजूला सुमारे १५० सेंटीमीटर अशा खुणा असतात. जुने माप 'गज' म्हणजे ३६ इंच होय. कारागिरांच्या बोलीत इंचाच्या आठव्या भागाला 'सूत' म्हणतात.

दोन तुकडे जोडताना शिवणीच्या बाहेर जे कापड राखले जाते त्याला 'माया' म्हणतात. पोशाखात पुढे उसवून सैल करता यावे यासाठी माया सढळ ठेवली जाते. तुकड्यांच्या गोधडीत मात्र ती पाव इंच, म्हणजे दोन सूत (सुमारे ६ मिलिमीटर) ठेवण्याचा प्रघात आहे. माया इतकी कमी असल्यामुळे कटाईतील एक सुताची चूकही मायेचा अर्धा भाग खाऊन टाकते.

कापडाच्या लांबीला समांतर असलेल्या धाग्यांना ताणा आणि रुंदीच्या दिशेने जाणाऱ्या धाग्यांना बाणा म्हणतात. या दोहोंशी तिरक्या दिशेला उरेब असे नाव आहे. उरेब दिशेला कापड सर्वाधिक ताणले जाते, म्हणून त्या दिशेने कापताना पट्टीखालील कापड हलण्याचा धोकाही जास्त असतो.

## इतिहास

तुकड्यांच्या गोधडीसाठी पूर्वी पुठ्ठ्याचे, जाड कागदाचे किंवा पत्र्याचे साचे वापरले जात. साचा कापडावर ठेवून त्याच्या कडेने पेन्सिलीची किंवा खडूची रेघ ओढत आणि मग साचा बाजूला करून कात्रीने कापत. या पद्धतीत साचा सरकला तरी रेघ पुसून पुन्हा आखता येत असे.

१९७९ मध्ये जपानमधील ओल्फा या कंपनीने गोल, फिरत्या पात्याचे कापण्याचे साधन बाजारात आणले. ते रोटरी कटर या नावाने ओळखले जाते. पुढील काळात त्याच्यासोबत वापरण्यासाठी जाड, पारदर्शक ॲक्रिलिकच्या पट्ट्या आणि पात्याने पडलेली चीर मिटून येणाऱ्या चटया तयार झाल्या. या तीन साधनांमुळे आखणी आणि कटाई ही दोन कामे एक झाली. घडी घातलेल्या कापडाचे अनेक थर एका फटक्यात कापता येऊ लागले आणि वेळ वाचला. त्याचबरोबर पट्टीचे कामही बदलले. पूर्वी ती केवळ मोजत व आखत असे, आता ती पात्याची वाट ठरवू लागली. कापण्याच्या क्षणी ती सरकली तर चूक सुधारण्यास वाव उरत नाही.

## रचना

गोधडीकामाच्या ॲक्रिलिक पट्टीची जाडी साधारण ३ मिलिमीटर असते. ही जाडी महत्त्वाची आहे, कारण पातळ पट्टीवर फिरते पाते सहज चढते आणि थेट हातावर येऊ शकते. शाळेतील प्लॅस्टिकची किंवा स्टीलची फूटपट्टी याच कारणाने रोटरी कटरबरोबर वापरू नये. स्टीलच्या कडेला घासून पात्याची धारही लवकर जाते.

पट्टीवर इंच, अर्धा इंच, पाव इंच व सूत यांच्या रेषा असतात. त्यांशिवाय ३०, ४५ आणि ६० अंशांच्या तिरप्या रेषा छापलेल्या असतात. ६ × २४ इंच, ६ × १२ इंच आणि साडेबारा इंचांचा चौकोन ही प्रचलित मापे होत. लांब पट्टी कापडाच्या संपूर्ण पन्ह्यातून पट्टे काढण्यासाठी आणि चौकोनी पट्टी तुकडे काटकोनात छाटण्यासाठी वापरतात. रोटरी कटरची पाती १८, २८, ४५ आणि ६० मिलिमीटर व्यासांची मिळतात व त्यांपैकी ४५ मिलिमीटरचे पाते सर्वसाधारण कामासाठी वापरले जाते.

## पट्टी सरकण्याची कारणे

पट्टी जागेवर राहते ती तिच्या व कापडाच्या दरम्यानच्या घर्षणामुळे. घर्षणाची कमाल मर्यादा दोन गोष्टींवर ठरते: दोन्ही पृष्ठभाग किती खरखरीत आहेत आणि पट्टी किती जोराने खाली दाबलेली आहे. ॲक्रिलिक गुळगुळीत असल्याने पहिली बाजू मुळातच कमकुवत असते. पुढील परिस्थितींत पट्टी विशेषतः सरकते.

'''बाजूचा रेटा.''' पाते पट्टीच्या कडेला टेकवून चालवताना हाताचा काही जोर पुढे आणि काही जोर पट्टीकडे जातो. हा आडवा जोर घर्षणापेक्षा अधिक झाला की पट्टी बाजूला ढकलली जाते.

'''तरफेचा परिणाम.''' २४ इंची पट्टी मध्यभागी एकाच ठिकाणी दाबली तर तो बिंदू खुंटीसारखा होतो. पाते मध्याजवळ असताना पट्टी फारशी हलत नाही, पण टोकाजवळ तोच आडवा जोर १२ इंचांच्या अंतरावरून काम करतो आणि पट्टी त्या बिंदूभोवती फिरते. बहुतेक वेळा कापाची सुरुवात सरळ असते आणि शेवटच्या काही इंचांत रेषा ढळते, त्याचे हे कारण आहे.

'''बोथट पाते.''' पात्याची धार गेली की सर्व थर कापण्यासाठी अधिक जोर लावावा लागतो. जोर वाढला की त्याचा आडवा भागही वाढतो. धारेवर खाच पडली असल्यास ठरावीक अंतरावर धागे न कापता राहतात आणि त्याच जागी पुन्हा पाते फिरवताना पट्टी हलते.

'''थर आणि कापडाचा पोत.''' पट्टी वरच्या थरावर दाबलेली असली तरी खालचे थर एकमेकांवरून सरकू शकतात. रेशीम, सॅटिन व कृत्रिम धाग्यांच्या कापडात हे प्रमाण जास्त असते, तर अनेकदा धुतलेल्या सुती कापडात कमी असते.

'''बसण्याची जागा.''' टेबल फार उंच असल्यास हाताचा जोर वरून खाली न येता तिरका येतो. बसून कापताना खांदा पट्टीच्या वर येत नाही आणि दाब अपुरा पडतो.

## चुकीचे परिणाम

पट्टीचे एक टोक एक सूत (१/८ इंच) सरकले, तर २४ इंच लांबीत होणारा कोनाचा फरक सुमारे ०.३ अंश इतकाच असतो. हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. तुकडे जोडताना मात्र तो साचत जातो. प्रत्येक तुकडा अर्ध्या सुताने (१/१६ इंचाने) मोठा कापला गेला, तर दहा तुकड्यांची ओळ पाच सुतांनी (५/८ इंचाने) लांबते. शेजारच्या ओळीत चूक उलट दिशेची असल्यास चौकटीचे कोपरे जुळत नाहीत आणि कापड ओढून किंवा चुणी घालून ते जुळवावे लागतात. अशी गोधडी सपाट पसरत नाही.

दुसरा परिणाम घडीच्या कापडात दिसतो. पट्टी घडीला काटकोनात नसेल तर कापलेला पट्टा उलगडल्यावर मधोमध वाकलेला निघतो. कापडावर घडीच्या जितक्या रेषा पडल्या असतील तितकी वाकणे पडतात.

नवीन कापडाची भरपाई पैशाने करता येते. जुनी साडी, लुगडे किंवा लहान मुलांचे कपडे आठवण म्हणून गोधडीत घालावयाचे असतील तर तेथे दुसरे कापड मिळण्याची शक्यता नसते. त्यामुळे अशा कामात पहिला काप रद्दीच्या कापडावर घेऊन पाहण्याची पद्धत आहे.

## पट्टी स्थिर ठेवण्याच्या पद्धती

### हाताची ठेवण

सर्वांत परिणामकारक उपाय कोणत्याही जोडसाधनाविना करता येतो. पट्टी धरणारा हात सपाट न टेकवता बोटे फाकवून कोळ्याच्या पायांसारखी ठेवतात. बोटांची टोके एकमेकांपासून दूर असल्याने पट्टीला अनेक बिंदूंवर दाब मिळतो आणि ती फिरत नाही. करंगळी किंवा अंगठा पट्टीच्या पात्याविरुद्धच्या कडेबाहेर कापडावर टेकवल्यास आडव्या रेट्याला अडसर मिळतो. दाब सरळ खाली असावा आणि पात्याकडे झुकू नये.

### हात पुढे चालवणे

लांब काप एका दमात घेतला जात नाही. हात पट्टीच्या खालच्या टोकापासून साधारण एक वीत अंतरावर ठेवून पाते हाताच्या रेषेपर्यंत नेतात आणि तेथे थांबतात. पाते न उचलता, कापडात रुतलेलेच ठेवून, पट्टीवरचा हात बोटाबोटाने पुढे सरकवतात व मग पुढचा भाग कापतात. दाबाचा बिंदू नेहमी पात्याच्या जवळ राहिल्याने तरफेचा परिणाम टळतो. थांबलेले पाते पट्टीला कडेने टेकलेले असल्यामुळे हात हलवताना तीही जागेवर राहते.

### तळाची पकड वाढवणे

पट्टीच्या खालच्या बाजूला खरखरीत किंवा चिकट पकडीचे पदार्थ लावतात. बारीक दाण्याच्या सँडपेपरचे (पॉलिश पेपरचे) छोटे गोल तुकडे, सिलिकॉनचे ठिपके आणि पट्टीला चिकटणारे पारदर्शक थर हे त्यांपैकी प्रचलित प्रकार आहेत. ठिपके चारही कोपऱ्यांत व मध्ये समान अंतरावर लावावे लागतात. ते एकाच बाजूला असल्यास पट्टी तिरकी टेकते. जाड ठिपक्यांमुळे पट्टी कापडापासून उचलली जाते आणि कडेखालचे कापड पात्यापुढे गोळा होते, म्हणून शक्य तितका पातळ थर निवडतात. रेशमी किंवा सैल विणीच्या कापडावर सँडपेपरने धागे ओढले जातात. तेथे सिलिकॉन किंवा पारदर्शक थर योग्य ठरतो.

### मुठी, वजने आणि चिमटे

गुळगुळीत पट्टीवर हवेच्या पोकळीने चिकटणारी मूठ बसवता येते. तिच्यामुळे बोटे कडेपासून दूर राहतात आणि मनगटावरील ताण कमी होतो. धूळ असल्यास किंवा बराच वेळ गेल्यावर तिची पकड सुटते, म्हणून प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला ती तपासावी लागते. हाताच्या सांध्यांचे दुखणे असलेल्यांना अशा मुठी विशेष उपयोगी पडतात.

शिंपीकामात कागदी नमुना व कापड स्थिर ठेवण्यासाठी लोखंडी वजने ठेवण्याची पद्धत आहे. तीच वजने लांब पट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवता येतात. तयार कपड्यांच्या कारखान्यांत कापडाचे अनेक थर चिमट्यांनी टेबलाला आवळून मग यंत्राने कापले जातात. घरगुती कामातही पट्टीचे दूरचे टोक टेबलाच्या कडेला चिमट्याने धरता येते.

### कापडाची तयारी

कापड धुऊन, इस्त्री करून आणि हलकी खळ देऊन घेतल्यास ते कागदासारखे कडक होते व पट्टीखाली कमी हलते. थर चारांपेक्षा अधिक नसावेत. कापडाचा न कापलेला भाग टेबलावरून खाली लोंबत ठेवल्यास त्याच्या वजनाने सगळे कापड ओढले जाते, म्हणून तो टेबलावरच घडी करून ठेवतात.

## पट्टीविना सरळ कापड काढणे

पट्टी स्थिर ठेवण्याचा प्रश्न मुळातच टाळणाऱ्या जुन्या पद्धती महाराष्ट्रातील घराघरांत परिचित आहेत. साध्या विणीच्या सुती कापडाच्या काठाला कात्रीने लहानशी चीर देऊन ते दोन्ही हातांनी टरकावले की कापड बाण्याच्या धाग्याबरोबर सरळ फाटते. येथे रेषा धागाच ठरवतो. मात्र फाटलेल्या कडेजवळचे धागे ताणले जातात, त्यामुळे ती कड इस्त्रीने सपाट करावी लागते. विणलेल्या होजियरीच्या कापडावर आणि उरेब दिशेला ही पद्धत लागू पडत नाही.

दुसऱ्या पद्धतीत कापडातून एक धागा हळूच ओढून काढतात. त्या जागी पडलेल्या बारीक फटीवरून कात्री चालवली की काप धाग्याला तंतोतंत समांतर येतो. ही पद्धत सावकाश आहे, पण मौल्यवान कापडासाठी सुरक्षित आहे. छापील चौकटी असलेल्या कापडात छपाई धाग्याला समांतर असतेच असे नाही. अशा वेळी धाग्याने कापले तर नक्षी तिरकी दिसते आणि पट्टीची गरज पुन्हा भासते.

## महाराष्ट्रातील गोधडी

महाराष्ट्रातील पारंपरिक गोधडी जुन्या सुती साड्या, लुगडी, धोतरे यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवली जाते. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ असेही म्हणतात. लहान बाळाच्या छोट्या गोधडीला दुपटे म्हणतात. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांची नोंद करणारे पुस्तक लिहिले आहे.

या परंपरेत तुकड्यांची अचूक मोजणी हा कामाचा पाया नसतो. थर जमिनीवर पसरून, ओढून सपाट केले जातात आणि हलू नयेत म्हणून त्यांवर जड वस्तू ठेवतात किंवा मोठे कच्चे टाके घालतात. त्यानंतर कडेपासून सुरुवात करून आत आत जाणाऱ्या चौकटींत धावदोरा घातला जातो. ठिगळ लहानमोठे झाले तरी ते खालच्या अखंड थरावर दुमडून शिवले जात असल्याने चूक पुढच्या तुकड्याकडे सरकत नाही. उत्तर कर्नाटकातील हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड परिसरातील सिद्दी समाजाच्या कवंदी या गोधडीतही ठिगळे कोपऱ्यापासून कडेकडेने मध्याकडे, हाताने दुमडत शिवली जातात.

दोन्ही पद्धतींतील फरक यातून स्पष्ट होतो. तुकडा तुकड्याला जोडण्याच्या पद्धतीत अचूकता कापतानाच साधावी लागते, म्हणून पट्टी स्थिर असणे आवश्यक ठरते. थरावर ठिगळ लावण्याच्या पद्धतीत अचूकता शिवताना साधली जाते, म्हणून तेथे पट्टीऐवजी थर स्थिर ठेवण्याला महत्त्व येते.

## गोंदिया जिल्हा

गोंदिया जिल्हा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, मध्य प्रदेश व छत्तीसगडच्या सीमेवर आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. त्यात गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे आठ तालुके आहेत. हिवाळ्यात येथील किमान तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जाते, त्यामुळे जाड अंथरूण-पांघरुणाची गरज दरवर्षी भासते.

साचा धरून त्याच्या कडेने कापण्याचे तंत्र या जिल्ह्यात कापडाखेरीज आणखी एका कामात आढळते. भाताबरोबरच बिडी हा येथील जुना उद्योग असून जंगलातून उन्हाळ्यात गोळा होणारी तेंदूची (टेंभुर्णीची) पाने हा त्याचा कच्चा माल आहे. वाळलेले पान कापताना तडकू नये म्हणून ते आधी भिजवून मऊ करतात. त्यानंतर पानावर पत्र्याचा आयताकृती साचा ठेवून त्याच्या कडेने कात्री चालवतात. हे काम प्रामुख्याने स्त्रिया घरी बसून करतात आणि मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने मिळते. साचा सरकल्यास पान लहान पडते व वाया जाते. एका पानातून जितके तुकडे निघतील तितके हवे असल्याने साचा पानाच्या शिरा टाळून अचूक बसवावा लागतो.

या कामातील तंत्र कापडकटाईशी तुलना करण्यासारखे आहे. येथे साचा टेबलावर दाबला जात नाही. पान आणि साचा एकाच हातात अंगठा व बोटांच्या चिमटीत धरले जातात, म्हणजे दाब दोन्ही बाजूंनी येतो. साचा लहान असल्यामुळे तरफेचा परिणाम जवळजवळ नसतो आणि भिजलेल्या पानाची पकड कोरड्या पानापेक्षा चांगली असते. कात्रीची दोन पाती एकमेकांवर जोर देतात, साच्यावर नाही. त्यामुळे आडवा रेटाही कमी राहतो. कापडाचे लहान तुकडे पुठ्ठ्याच्या साच्याने व कात्रीने कापताना हीच चिमटीची पकड उपयोगी पडते.

## सुरक्षितता

रोटरी कटरचे पाते त्वचा व नख सहज कापते. पट्टी धरणाऱ्या हाताच्या तर्जनीला व अंगठ्याला सर्वाधिक धोका असतो, कारण ही बोटे पट्टीच्या कडेजवळ असतात. पुढील खबरदारी सर्वसाधारणपणे सांगितली जाते:

* पाते नेहमी शरीरापासून दूर जाणाऱ्या दिशेने चालवावे.
* पट्टी धरणाऱ्या हाताची बोटे पात्याच्या कडेपासून किमान एक इंच आत ठेवावीत.
* काप संपताच, हातातून खाली ठेवण्यापूर्वी, पात्याचे झाकण बंद करावे.
* उभे राहून, कमरेइतक्या उंचीच्या टेबलावर कापावे.
* डावखुऱ्या व्यक्तीने पट्टी उजव्या हाताने धरून कापाची बाजू बदलावी. उजव्या हाताच्या मांडणीची नक्कल करून हात एकमेकांवरून आडवे नेऊ नयेत.
* वापरलेली पाती जाड पुठ्ठ्यात किंवा डब्यात बंद करून टाकावीत, म्हणजे कचरा उचलणाऱ्यांना इजा होत नाही.
* पट्टी सरकते आहे असे जाणवताच पाते थांबवावे. सरकणारी पट्टी पकडण्यासाठी बोटे कडेकडे नेल्यास ती थेट पात्यासमोर येतात.

## हेही पहा

* गोधडी
* शिवणकाम
* कांथा
* रल्ली
* बिडी
* तेंदू
* गोंदिया जिल्हा